सरळ चौकट तिरपी कां दिसली?

चाळिशी उलटली म्हणजे डोळ्यांतील भिंग ताठर होऊं लागतें व जवळचें अक्षर अंधुक दिसतें. म्हणूनच आपल्या भाषेंत चष्म्यासही चाळिशी म्हणतात. आम्हांस ती नुकतीच लागली. शिवाय डोळ्यांच्या वक्रतेंतही दोष निघाला, तेव्हां काच दुहेरी व तिरकस दोष सुधारणारी अशी मिळाली. ती घालून लातुराहून औशास परतलों, तों किल्ल्याचा तट खंदकाकडे कललेला, आणि आमच्या दाराची चौकट तर उघड तिरपी! पायरीवर पाय अधांतरीं पडला तो निराळाच. तपासणारांनीं पंधरा दिवस धीर धरावयास सांगितलें होतें. परंतु आम्हीं दोऱ्यास दगड बांधून ओळंबा सोडिला. चौकट सरळ होती. चष्मा काढून ठेविला.

त्याच रात्रीं मंडळीच्या जमाखर्चाची वही पाहावयाची होती, म्हणून तो पुन्हां चढविला. दोन महिन्यांपूर्वीं त्याच वहींत छपराच्या दुरुस्तीचा खर्च आम्हीं ११० रुपये असा वाचला होता, आणि शिलकेंतून वजा झाले होते ९१०. उरलेले ८०० कोठें गेले, हें आम्हीं खजिनदारांस विचारलें नाहीं. विचारलें असतें तर बरें होतें. त्याऐवजीं उपासनेंत त्यांस प्रार्थना सांगण्याचें बंद केलें, आणि ह्यास आम्ही मनांत सौम्यता म्हणत होतों! आतां पहिला आंकडा स्वच्छ दिसला. तो एक नव्हता, नऊ होता.

मग एकाच काचेनें चौकटीविषयीं खोटें व आंकड्याविषयीं खरें सांगितलें काय? जाणते असें सांगतात कीं, अशी काच प्रतिमेस एका दिशेनें अधिक व दुसरीनें कमी मोठी करिते. मनास तो नवा हिशेब शिकावा लागतो, आणि शिकल्यावर चौकट सरळ दिसते. मन किती शिकतें पाहा. अमेरिकेंत स्ट्रॅटन नांवाच्या पंडितानें १८९७ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत जग उलटें दाखविणारीं भिंगें आठ दिवस वापरलीं. शेवटीं शेवटीं त्यास तें उलटें जगही मधून मधून सुलटें भासूं लागलें! सारांश, एखादी गोष्ट आम्हांस सरळ वाटते एवढ्यानें ती सरळ ठरत नाहीं. तिची सवय झाली, एवढेंच ठरतें.

खजिनदारांविषयींचा आमचा संशयही दोन महिन्यांत असाच सरळ वाटूं लागला होता. चौकटीस आम्हीं तत्काळ ओळंबा लाविला. संशयास लाविला नाहीं.

येथें कोणी म्हणेल, मग काच देईल तें सर्व मुकाट्यानें सोसावें काय? मुळींच नाहीं. काचेचा आंकडाही चुकतो. पंधरा दिवसांनीं चौकट तिरपीच राहिली तर परत जाऊन तसें सांगावें. बेथसैदा येथील आंधळ्यास प्रथम माणसें झाडांसारखीं दिसलीं, आणि त्यानें प्रभूस तें जसेंच्या तसें सांगितलें; लाजेनें सगळें ठीक आहे म्हटलें नाहीं.

दुसरे दिवशीं सकाळीं आम्ही खजिनदारांच्या घरीं गेलों व सर्व कबूल केलें. ते बराच वेळ बोलले नाहींत. त्यांच्या पत्नीनें चहा आणून ठेविला. मग ते म्हणाले, “पाळकसाहेब, वही तर तुमच्यापाशींच होती. दोन महिने मला प्रार्थना सांगितली नाहीं, तेव्हां मी माझ्याच हातून काय चुकलें तें शोधीत होतों.”