योसेफाची कोठारे

शास्त्रपाठ : उत्पत्ती ४१:२५-४९, ४७:१३-२५



योसेफाने फारोच्या स्वप्नाचा अर्थ सांगितला, हे शब्बाथ शाळेतले लहान मूलही सांगेल. परंतु अर्थ सांगून तो थांबला नाही, याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. पिकाचा पाचवा हिस्सा राखावा, देशभर अधिकारी नेमावेत, अशी योजना त्याने मांडली. आणि प्रत्येक नगराभोवतालच्या शेतांचे धान्य त्याच नगरात साठवले. महसूल, शेती व नगरव्यवस्था या तिन्हींत त्याने येणाऱ्या दुष्काळाचा विचार गुंफला. देवाकडून सूचना मिळाली ती कामाला लागण्यासाठी, हे त्याने ओळखले.

आज हवामान बदलत आहे, ही सूचना आपल्यालाही मिळालेली आहे. गरीब देशाने तिचे काय करावे, हे शेजारच्या बांगलादेशाकडे पाहून शिकता येते. तो प्रदेश पूर्व पाकिस्तान असताना, १९७० च्या नोव्हेंबरात आलेल्या चक्रीवादळाने तेथे तीन लाखांवर माणसे नेली. १९९१ साली सुमारे १ लाख ३८ हजार गेली. २००७ च्या सिद्र वादळात मृतांचा आकडा सुमारे ३,४०० होता, आणि २०२० च्या अंफान वादळात तो त्या देशात शंभरावरही गेला नाही. सगळी वादळे सारख्या जोराची नसतात हे खरे. तरी या फरकात पूर्वतयारीचा वाटा मोठा आहे.

ही तयारी एकाच खात्याच्या कपाटात पडून राहिली नाही. १९७२ पासून गावोगाव स्वयंसेवक तयार झाले. खांबांवर उभारलेल्या अनेक निवाऱ्यांत एरवी शाळा भरते. वादळाच्या रात्री तेच छप्पर गावाला आसरा देते. काही निवाऱ्यांत गुरांनाही जागा आहे, कारण गाय मागे ठेवून गरिबाचा पाय घरातून निघत नाही. १९९१ मध्ये पुरुषांपेक्षा स्त्रिया कितीतरी अधिक दगावल्या. पुढे स्वयंसेवकांत स्त्रियांची संख्या वाढवण्यात आली. २००९ साली देशाने हवामानबदलाचा कृतिआराखडा आखला आणि त्यासाठी स्वतःच्या तिजोरीतून निधी काढला.

तथापि शिक्षकांनी सत्तेचाळिसावा अध्यायही मुलांना वाचून दाखवावा. कोठारातले धान्य लोकांना विकत घ्यावे लागले. आधी पैसा गेला, मग गुरे, मग जमीन. शेवटी ते स्वतः फारोचे दास झाले. जीव वाचला, पण स्वातंत्र्य गेले. जगाच्या धुरात ज्या बांगलादेशाचा वाटा शंभरात अर्धाही नाही, अशा देशांना मिळणाऱ्या हवामान-साहाय्याचा मोठा भाग आज कर्जाच्या रूपाने येतो. ज्याने आग लावली नाही त्यानेच पाणी विकत घ्यावे, हा न्याय प्रभूला कसा आवडेल?

म्हणून आपत्तीनंतर कपडे व धान्य गोळा करून आपले कर्तव्य संपत नाही. बेळगाव असो, बडोदे असो की हैदराबाद, आपल्या वस्तीत शाळा, दवाखाना किंवा रस्ता होत असेल तेव्हा आपण विचारावे : पुरात हे टिकेल काय? उन्हाळ्यात येथे मुलांना बसवेल काय? याचा भार कोणाच्या खांद्यावर पडणार? असे विचारणे हाही शेजारप्रीतीचाच भाग आहे.

सुकाळातच कोठारे बांधण्याची आणि ती बांधताना दुर्बळाला दास न करण्याची सुबुद्धी प्रभू आपल्याला व आपल्या राज्यकर्त्यांना देवो. आमेन.