उरक आणि उरकणे

‘तिच्या कामाला उरक आहे’ असे आमच्या घरातील वडीलधाऱ्या बायका एखाद्या सुनेविषयी म्हणत, तेव्हा ती मोठीच प्रशस्ती असे. पन्नास पानांचा स्वयंपाक बाराच्या आत तयार, आणि तरीही वरणात मीठ बरोबर, ओटा स्वच्छ, चेहऱ्यावर त्रागा नाही, असा त्याचा अर्थ. पण त्याच शब्दाच्या कुळातले ‘उरकणे’ हे क्रियापद वापरले की सूर पालटतो. ‘केले नाही हो, उरकून टाकले!’ या वाक्यात निंदेखेरीज दुसरे काही नाही. वेगाचा गौरव करणारा शब्द आणि वेगाला दूषण देणारा शब्द एकाच घरात नांदतात. त्या दोहोंमधील सीमा कोठे आहे, हा प्रश्न मला आजवर भाषेचा वाटत होता. मागील दसऱ्यापूर्वी तो नीतीचा प्रश्न होऊन माझ्यासमोर आला, आणि तोही खिडक्यांच्या काचा पुसण्याचा व्यवसाय करणाऱ्या एका तरुणाच्या तोंडून.

आमचे घराणे हैदराबादेत चार पिढ्यांपासूनचे. काचीगुड्यातील आमच्या वाड्याच्या खिडक्यांना लाकडी झडपा होत्या. काचा काय त्या दिवाणखान्याच्या दारांवरील रंगीत झरोक्यांना. दिवाळीआधी कोणीतरी शिडीवर चढून ओल्या वर्तमानपत्राने त्या पुसल्या की वर्षाची निश्चिंती. पुढे वाडा गेला, त्या जागी पाच मजली इमारत आली आणि प्रत्येक खोलीला ॲल्युमिनियमच्या चौकटीतील सरकत्या काचा आल्या. शहराच्या पश्चिम अंगाला १९९८ साली सायबर टॉवर्सचे उद्घाटन झाले आणि त्यानंतर तिकडे काचेच्या इमारतींची रांगच उभी राहिली. काच वाढली तशी काच पुसणाऱ्यांची गरजही वाढली. हा तरुण त्यांतलाच. मूळचा देगलूरकडचा, स्वतःसह पाच माणसांचा त्याचा जथा. आमच्या इमारतीचे काम त्याने उक्ते घेतले होते, म्हणजे दर खिडकीमागे अमुक रुपये, मग वेळ कितीही लागो.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो माझ्याकडे पाणी प्यायला आला आणि जरा घुटमळून म्हणाला, “काका, तुम्ही शिकलेले माणूस, एक विचारू का? माझा मामा आहे कामावर. हे काम मला त्यानंच शिकवलं. पण बाकीची पोरं तासाला सात खिडक्या करतात, मामा चारच करतो. रोज तर सगळ्यांना सारखाच द्यावा लागतो. पोरं कुरकुरतात. मामाला ठेवू का सोडू?”

हिशेब सरळ होता. आठ तासांत एकाच्या छप्पन्न खिडक्या, दुसऱ्याच्या बत्तीस. चोवीस खिडक्यांचा तोटा रोजच्या रोज त्या तरुणाच्या पदरी. मी तत्काळ उत्तर देऊ शकलो नाही. “मामाचं काम पाहून सांगतो,” असे म्हणून त्याच्याबरोबर वर गेलो.

काच पुसणे ही दिसते तितकी सोपी गोष्ट नाही. आधी धूळ झाडावी लागते, नाहीतर पाणी लागताच तिचा चिखल होतो आणि तिच्यातले कण काचेवर ओरखडे काढतात. मग साबणाचे पाणी, मग रबरी पट्टीने वरून खाली ओढ, प्रत्येक ओढीनंतर पट्टी पुसून घेणे, आणि शेवटी कडा व कोपरे कोरड्या फडक्याने टिपणे. आमच्याकडचे बोअरचे पाणी जड. ते काचेवर वाळले की क्षारांचे पांढरे ठिपके उरतात, ते नुसत्या फडक्याने निघत नाहीत. म्हणून भर उन्हात काच धुऊ नये. ओढ पुरी होण्याआधीच पाणी वाळते. यांतील पहिली दोन-तीन मिनिटे बहुतेक मळ काढून टाकतात. उरलेला सगळा वेळ जातो तो कडांना, कोपऱ्यांना आणि काच जिच्यावर सरकते त्या खाचेला. सात खिडक्या करणारा आणि चार करणारा यांच्यातले अंतर याच उरलेल्या वेळात असणार, असे मी गृहीत धरले होते.

प्रत्यक्षात निराळेच दिसले. मामा खिडकीचे झापडच खाचेतून उचलून आत घेत होते, भिंतीला टेकवून दोन्ही बाजूंनी धूत होते आणि पुन्हा बसवीत होते. पलीकडच्या खोलीतला मुलगा झापड काढत नव्हता. तो चौथ्या मजल्यावरच्या खिडकीच्या उंबऱ्यावर उभा राहून, एका हाताने चौकट धरून, दुसऱ्या हाताने बाहेरची बाजू पुसत होता. कमरेला दोरही नव्हता. तासाला ज्या तीन खिडक्या जास्त होत होत्या, त्या त्याच्या जिवाच्या जोखमीतून निघत होत्या.

तेव्हा मला वाटले की, वेगाचा विचार करताना आपण नेहमी चुकीचा प्रश्न विचारतो. ‘किती वेळ वाचला?’ असे आपण विचारतो. विचारायचे ते हे की, ‘वाचलेला वेळ कोठून आला?’

वेळ हा कधी कौशल्यातून किंवा अवजारातून येतो. इटलीतून अमेरिकेत गेलेल्या एट्टोरे स्टेक्कोने या काच पुसणाऱ्या माणसाने १९३६ साली कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे पितळेची, हलकी, एकच रबरी पाते असलेली पट्टी तयार करून तिचे स्वामित्व घेतले. त्याआधीची अवजारे जड पोलादाची होती आणि रबर बदलायचे तर अनेक स्क्रू काढावे लागत. नव्या पट्टीने काम झपाट्याने होऊ लागले आणि काचही अधिक स्वच्छ निघू लागली. येथे वेगाने कोणाचे काही हिरावले नाही. आजही आपल्याकडच्या पोरांच्या हातांतला वायपर त्याच वंशातला आहे. याला आपल्या आज्या ‘उरक’ म्हणाल्या असत्या.

उलटपक्षी, वेळ कधी न दिसणाऱ्या जागांतून चोरला जातो. इंग्लंडमध्ये काच पुसण्याच्या शर्यती होतात. टेरी बरोज यांनी २००९ साली बर्मिंगहॅम येथे तीन काचा ९.१४ सेकंदांत पुसून विक्रम केला. एकेक काच सुमारे ११४ सेंटिमीटर लांब-रुंद. या शर्यतीचा एक नियम मला फार बोलका वाटतो. काचेवर राहिलेल्या प्रत्येक डागासाठी स्पर्धकाच्या वेळेत अर्धा सेकंद वाढवला जातो. म्हणजे घाईची किंमत तेथे आधीच ठरलेली, सर्वांना ठाऊक असलेली आणि घाई करणाऱ्यानेच चुकवायची. व्यवहारात डागाची किंमत असतेच, परंतु ती कोणी उच्चारत नाही, आणि ती भरतो भलताच माणूस. चौथ्या मजल्यावरील त्या मुलाच्या बाबतीत ती भरायची वेळ आली असती, तर हिशेब अर्ध्या सेकंदावर थांबला नसता.

मोजण्याचा मोह हा या दोषाच्या मुळाशी आहे. फ्रेडरिक टेलर याने १९११ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात शास्त्रीय व्यवस्थापनाची मांडणी केली. पोलादाच्या कारखान्यात बिडाचे ठोकळे उचलणाऱ्या मजुराचे रोजचे काम साडेबारा टनांवरून सत्तेचाळीस टनांवर नेल्याचे तो सांगतो. मजुरी मात्र १.१५ डॉलरवरून १.८५ डॉलरवर गेली. काम जवळजवळ चौपट, मजुरी दीडपटीहून थोडी अधिक. त्याच्या या कथनावर पुढे अभ्यासकांनी पुष्कळ आक्षेप घेतले, तो भाग वेगळा. बिडाच्या ठोकळ्यात चांगला उचललेला आणि वाईट उचललेला असा भेद नसतो, त्यामुळे तेथे मोजदाद पुरी पडते. काचेचे तसे नाही. उत्तम पुसलेली काच दिसतच नाही, दिसते ते पलीकडचे झाड. काम जितके चांगले तितकी त्याची खूण कमी. अशा कामात केवळ संख्या मोजली, तर जे मोजले जात नाही ते हळूहळू गळून पडणार, हे उघड आहे. ‘पाट्या टाकणे’ हा आपला वाक्प्रचार हेच सांगतो. पाट्या मोजल्या जातात, म्हणून पाट्याच टाकल्या जातात.

मात्र येथे दुसऱ्या बाजूचेही ऐकले पाहिजे. संथपणा म्हणजेच सचोटी असे मानणे हा आपल्यासारख्या साहित्यप्रेमी माणसांचा आवडता भ्रम आहे. मामा जिन्यातील खिडकीलाही तेवढाच वेळ देत होते, अडगळीच्या खोलीच्या काचेचे कोपरेही काडीला फडके गुंडाळून टिपत होते. त्या काचेतून कोणी पाहत नाही. दोन दिवसांत ती पुन्हा धुळकटणार. त्यांच्या या निष्ठेचे मोल त्यांच्या भाच्याच्या खिशातून आणि इतर मुलांच्या नाराजीतून दिले जात होते. आपल्या समाधानासाठी दुसऱ्याचा वेळ खर्चणे हाही एक प्रकारचा अन्यायच. प्रत्येक काच दिवाणखान्याची नसते. कोणत्या कामाला किती द्यावे याचा विवेक हाही कामाच्या गुणवत्तेचाच भाग आहे. कमी देणे हा अपराध नव्हे. पूर्ण दिले असे भासवून कमी देणे हा अपराध आहे. ‘जिन्याच्या खिडक्या नुसत्या पुसून देऊ, कोपरे टिपणार नाही,’ असे आधी सांगितले की ते प्रामाणिक काम झाले. न सांगता तेच केले की ती चोरी झाली, मग ती एका कोपऱ्याएवढी का असेना.

आता जे लिहायचे ते लिहिताना मला संकोच वाटतो. हे काम देण्याचे ठरले त्या समितीत मी होतो. तीन जणांचे दर आले होते. आम्ही सर्वांत कमी दर निवडला आणि त्यातही घासाघीस करून आणखी उतरवला. एवढ्यावर न थांबता ‘काम उत्तम प्रतीचे व दोन दिवसांत पूर्ण व्हावे’ असे पत्रात लिहिले. ते वाक्य माझ्याच अक्षरातले होते. त्या दरात झापडे उतरवून काम करणे शक्य नाही, हे साध्या गुणाकाराने कळले असते. तो गुणाकार आम्ही केला नाही, कारण त्याचे उत्तर आम्हांला नको होते. त्या मुलाला उंबऱ्यावर त्याच्या मालकाने उभे केले, हे खरे. पण त्या मालकाला तेथवर ढकलत नेणाऱ्या हातांत माझाही हात होता. दर ठरवणारा माणूस कामाची प्रतही ठरवत असतो. पुढे दोष निघाला की तो दोष कारागिराचा, असे म्हणण्याची सोय तेवढी त्याने स्वतःकडे ठेवलेली असते.

मी त्या तरुणाला आधी उंबऱ्यावरच्या मुलाला आत घ्यायला सांगितले. मग म्हटले, “मामांना सोडू नकोस. आणि त्यांनाही जिन्यात एवढा वेळ घालवू देऊ नकोस.” हे उत्तर अर्धवट होते, हे मला कळत होते. दुसरा अर्धा भाग समितीकडे होता. संध्याकाळी बैठक बोलावली आणि दर वाढवून द्यावा, असे मी सुचवले. एका सभासदांनी विचारले, “ठरलेला दर त्यानं स्वतः मान्य केला होता ना?” प्रश्न गैर नव्हता. ज्याच्या घरी चार माणसांचा रोज द्यायचा आहे त्याची मान्यता आणि आपली मान्यता सारख्या मोकळेपणाची नसते, एवढेच मी म्हणू शकलो. बऱ्याच चर्चेनंतर असे ठरले की, पहिल्या मजल्याच्या वर झापड उतरवल्यावाचून एकाही खिडकीची बाहेरची बाजू पुसायची नाही. त्यासाठी दर थोडा वाढवून द्यायचा आणि दोनाचे तीन दिवस करायचे. जिने व अडगळीच्या खोल्या साध्या पुसायच्या. दोघांनी वाढीव पैसे नाइलाजाने दिले, आणि तसे बोलूनही दाखवले.

तिसऱ्या दिवशी मी पाहिले, तर त्या तरुणाने कामाची मांडणीच बदलली होती. मामा आणि एक मुलगा मिळून झापडे उतरवत व बसवत होते, बाकीचे धूत होते. दोघांनी उचलल्यामुळे वेळ निम्म्यावर आला होता. सात खिडक्यांची गती काही आली नाही, पण माणशी पाचाच्या पुढे गेली, आणि ही वाढ कोणाच्या जिवातून किंवा कोणाच्या कोपऱ्यातून काढलेली नव्हती. झापड चौकटीला न आपटता खाचेत कसे बसवायचे, हे मामा त्या मुलाला शिकवत होते.

या गोष्टीचा शेवट गोड आहे असे मात्र मी म्हणणार नाही. शेजारच्या इमारतीने वाढीव दर नाकारला आणि काम दुसऱ्याला दिले. तेथे कोणीतरी उंबऱ्यावर उभे राहून बाहेरची बाजू पुसताना मी सकाळी फिरायला जाताना पाहिले. प्रामाणिकपणाने धंदा वाढतोच, असे आश्वासन त्या तरुणाला देण्याचे धाडस मला झाले नाही. कधी वाढतो, कधी नाही. त्याच्या सचोटीची बाजारात काही किंमत येते की नाही, हे बरेचसे त्याच्या हातात नसून आपल्यासारख्यांच्या हातात आहे. दर विचारताना आपण ‘यापेक्षा कमी किती?’ असे विचारतो. त्याच्या जोडीला ‘यात तुम्ही काय काय करणार, आणि काय करणार नाही?’ असेही विचारता येईल.

पहाटेचे तिरपे ऊन आता माझ्या पूर्वेच्या खिडकीतून येते. काचेवरचा राहिलेला डाग दाखवणारे ऊन तेच. डाग शोधण्याची जुनी सवय जात नाही, म्हणून मी पाहतो. एका कोपऱ्यात बोटाएवढा पांढुरका पट्टा राहिला आहे. तो मी पुसत नाही. त्याच्याकडे पाहिले की माझ्या अक्षरातले ते वाक्य मला आठवते.