सिली मेंढरं

जुन्या इंग्रजीत 'सिली'चा अर्थ होता धन्य, सुखी. जर्मनमध्ये त्याचं भावंड 'सेलिग' अजून त्याच अर्थानं नांदतंय. इंग्रजीत मात्र धन्याचा निरागस झाला, निरागसाचा बिचारा, बिचाऱ्याचा दुबळा आणि शेवटी मूर्ख. निवृत्तीनंतर काटेवाडीच्या ओट्यावर बसून मी हे वाचलं. नोकरीभर मुलांच्या वह्यांत 'सिली मिस्टेक' लिहीत आले होते.

इंग्रजांना हसण्यात अर्थ नाही. सम्राट अशोक शिलालेखांत स्वतःला 'देवानांप्रिय' म्हणवतो. भट्टोजी दीक्षितांच्या सिद्धान्तकौमुदी या संस्कृत व्याकरणग्रंथात तोच समास 'मूर्ख' या अर्थानं नोंदलाय. (त्यामागे बौद्धांवरचा राग होता का, यावर पंडितांनी भांडावं.) आणि आपला 'भोळा'? महादेवाला लावला की स्तुती, जावयाला लावला की काळजी.

मग देवाला आवडायचं तर माणसाला कमी कळलेलं बरं, असं आहे का? मला हे पटत नाही. वारीत तुकोबांची पालखी बारामतीहून इंदापूर तालुक्यातल्या सणसरकडे निघते, तेव्हा वाटेत आमच्या गावात धोतरांच्या पायघड्या पडतात आणि पालखीभोवती मेंढ्यांचं रिंगण होतं. रिंगणात धावलेल्या मेंढरांना रोगराई होत नाही, ही श्रद्धा. शेक्सपिअरचा सहावा हेन्री भर लढाईत मेंढपाळाचा हेवा करतो, तोही मेंढरांना 'सिली'च म्हणतो. तिथे अर्थ अजून निष्पाप असाच आहे.

पण मेंढरं वळणाऱ्याला अडाणी समजू नका. कळपातली आपली मेंढी तो तोंडावरून ओळखतो, पावसाचा अंदाज घेऊन वाडा हलवतो आणि पावसाळ्याआधी आंत्रविषाराची लसही टोचून घेतो.

माझा पुतण्या याला दोन्हीकडची तयारी म्हणतो. लसीवर भरवसा असता तर रिंगण कशाला, हा त्याचा सवाल. भोळ्यांना लुबाडणारे बुवा त्यानं पाहिलेत, त्यामुळे त्याची चीडही खोटी नाही. तरी व्यवहाराचा नियम इथे लागू पडत नाही. रिंगणात धावलेली मेंढी महिन्याभरात दगावली, तरी पुढच्या वारीला मेंढपाळ कळप घेऊन उभा असतोच. लस निकामी निघाली तर डॉक्टरला जाब विचारतो. तुकोबांना कधी विचारत नाही.