व्यसन म्हणजे काय?



हर्सूल म्हटले की मराठवाड्यातल्या माणसाला आधी तेथील मध्यवर्ती कारागृह आठवते. त्या कारागृहाला भिंत आहे, दारावर पहारा आहे. परंतु दुसरा एक तुरुंग असा आहे की, त्याला भिंत नाही, पहारेकरी नाही. कैदी रोज संध्याकाळी आपल्याच पायांनी आत जातो. त्याचे नाव व्यसन.

व्यसनी कोणाला म्हणावे? रोज पितो त्याला, असे आपण समजतो. हळदीला आणि जयंतीच्या मिरवणुकीला 'थोडीशी' घेणारा स्वतःला मोकळा समजतो. हे माप खोटे आहे. किती प्यालास, हा पहिला प्रश्न नव्हे. 'नको' म्हणायचे ठरवल्यावर तुला थांबता येते काय, हा पहिला प्रश्न आहे.

आजचे वैद्यकशास्त्रही हेच विचारते. तीव्र ओढ लागते काय? सुरू केल्यावर थांबवता येत नाही काय? पूर्वीइतकी पुरत नाही काय? सोडली की हात थरथरतात काय? संसार, काम मागे पडते काय? नुकसान दिसत असूनही सुटत नाही काय? या सहांपैकी तीन गोष्टी वर्षभरात एकत्र दिसल्या, तर ते अवलंबित्व होय, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या 1990 साली मंजूर झालेल्या रोगवर्गीकरणात धरले होते.

पालीत 'ब्यसन' म्हणजे हानी. तथागतांनी पाच हानी सांगितल्या आहेत : आप्तांची, संपत्तीची, आरोग्याची, शीलाची आणि दृष्टीची. दारू या पाचही दारांनी घरात शिरते. शेवटची हानी सर्वांत मोठी, कारण दृष्टी गेली की माणसाला आपण बुडतो आहोत हेच दिसत नाही. म्हणूनच पाचव्या शीलात दारूला प्रमादाचे, म्हणजे बेसावधपणाचे स्थान म्हटले आहे. सिगाल या गृहस्थाला उपदेश करताना भगवंतांनी दारूच्या पंक्तीला जुगारही बसवला. मटका आणि मोबाईलवरचा पैशाचा खेळ त्याच पंक्तीतले आहेत.

14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या. दारू पिणार नाही, ही त्यांतलीच एक. भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि कोनाड्यात बाटली, असे घर अजून अर्ध्या वाटेवर आहे.

तरीही बंधूंनो, व्यसनी माणसाला शिव्या देऊन हाकलू नका. तो पापी नव्हे, आजारी आहे. आणि आजाऱ्याला उपचार लागतो. बायाबापड्यांनो, गंडा-दोरा, अंगारा यांच्या नादी लागू नका. फार वर्षांची दारू एकाएकी घरच्या घरी तोडू नका. त्यात झटके येतात, प्रसंगी जीवही जातो. घाटी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, तेथे घेऊन जा. तो परत आला की विहारात आपल्या शेजारी बसवा. पुन्हा घसरला तर पुन्हा उठवा.

आज रात्री वंदना झाल्यावर प्रत्येकाने स्वतःला एकच प्रश्न विचारावा : माझ्या मनाची किल्ली कोणाच्या हातात आहे?

नमो बुद्धाय! जय भीम!