रकाना आणि विवेक

साधन निर्दोष असते, दोष असतो तो ते वापरणाऱ्याचा, असे आपण नेहमी म्हणतो. सुरीने भाजीही चिरता येते आणि गळाही कापता येतो, हा दृष्टान्त तर ठरलेलाच. शासकीय सेवेत उभा जन्म घालविताना आम्हीही हेच मानीत आलो. दप्तर म्हणजे दप्तर. ते सज्जन की दुर्जन, हा प्रश्न आमच्या मनाला कधी शिवला नाही. पूर्व-मध्य आफ्रिकेतील रवांडा या चिमुकल्या देशाचा अलीकडचा इतिहास वाचताना मात्र ही समजूत डळमळली. त्या निमित्ताने मनात आलेले काही विचार वाचकांपुढे ठेवीत आहोत.

रवांडाचे क्षेत्रफळ सुमारे 26 हजार चौरस किलोमीटर. तेथील हुतू, तुत्सी आणि त्वा हे तिन्ही समाज एकच भाषा बोलतात, त्याच टेकड्यांवर शेजारी शेजारी राहतात. भेद पूर्वीही होते; परंतु गुरांची मालकी, राजदरबाराशी असलेले नाते यांनुसार माणसाचे स्थान बदलू शकत असे. 1930 च्या दशकात बेल्जियमच्या वसाहती प्रशासनाने लोकांची नोंदणी केली आणि प्रत्येकाच्या ओळखपत्रावर त्याचा वंश लिहिला. जे सैल होते ते शाईने घट्ट झाले. 1962 मध्ये देश स्वतंत्र झाला, राज्यकर्ते बदलले, पण तो रकाना तसाच राहिला. 1994 च्या एप्रिल ते जुलै या सुमारे शंभर दिवसांत जो नरसंहार झाला, त्यात संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार 8 लाखांवर माणसे मारली गेली. त्यांत बहुसंख्य तुत्सी होते. संहाराला विरोध करणारे हुतूही होते. रस्तोरस्ती नाकी उभारून ओळखपत्रे तपासली जात आणि त्या एका शब्दावर जगणे-मरणे ठरे. रेडिओवरून द्वेष पेरला जात होता. पुढे 2003 मध्ये आरुशा येथील आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने या प्रचाराबद्दल प्रसारमाध्यमांशी संबंधित तिघांना दोषी ठरविले.

येथे सुरीचा दृष्टान्त अपुरा पडतो. सुरीला कोणाचा गळा हे ठाऊक नसते; ओळखपत्राला ते ठाऊक होते. ज्या कारकुनाने साठ वर्षांपूर्वी तो शब्द लिहिला त्याच्या मनात खून नव्हता. तो आपले काम चोख करीत होता. तरीही कोणती माहिती गोळा करायची, हे ठरविण्यातच एक नैतिक कृती दडलेली असते आणि तिचे फळ कोण कधी भोगील, हे लिहिणाऱ्याच्या हाती राहत नाही. गांधीजींच्या साधनशुचितेचा अर्थ आम्ही आजवर साध्याच्या अंगाने लावीत होतो. तो साधनाच्या घडणीपर्यंत जातो, हे आम्हांस उशिरा उमगले.

खरे नवल पुढेच आहे. ज्या देशाने ओळखपत्राचा आणि रेडिओचा असा वापर पाहिला, त्याने साधनांचा धसका घेतला असता तर ते समजण्यासारखे होते. झाले उलटच. 2000 साली रवांडाने ‘व्हिजन 2020’ स्वीकारले. शेतीवर जेमतेम जगणाऱ्या देशाला वीस वर्षांत ज्ञानाधिष्ठित अर्थव्यवस्थेकडे न्यायचे, हा त्याचा संकल्प. त्याच्या जोडीला माहिती व दळणवळण तंत्रज्ञानाचे राष्ट्रीय धोरण आले आणि त्याच्या अंमलबजावणीसाठी पाच-पाच वर्षांच्या चार योजना आखल्या गेल्या. पहिली 2001 ते 2005 ची. त्या काळी तेथील बहुसंख्य घरांत वीजही नव्हती. ‘पोटाला भाकर नाही, तारा कसल्या ओढता?’ असा प्रश्न अनेकांनी विचारला असेल, आणि तो गैर नव्हता.

या प्रश्नाला अंशतः उत्तर मिळाले आहे. 2016 पासून मुहांगा येथील तळावरून ड्रोनच्या साहाय्याने दूरच्या रुग्णालयांना रक्ताच्या पिशव्या पोहोचविल्या जातात. डोंगराळ वाटेने तासन्‌तास लागत तेथे बाळंतिणीला वेळेवर रक्त मिळू लागले. 2009 ते 2013 या काळात देशभरातील जमिनीची मोजणी आणि नोंदणी झाली. 1 कोटीहून अधिक तुकडे दप्तरात आले. विवाहित दांपत्याच्या जमिनीवर पती आणि पत्नी या दोघांचीही नावे लागली. महसुलाचे काम केलेल्या कोणालाही ही केवढी मजल आहे हे सांगावे लागणार नाही. आणि नव्या ओळखपत्रावर वंशाचा रकाना नाही.

तथापि हिशेबाची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. मध्यम उत्पन्नाचा देश होण्याचे ध्येय 2020 पर्यंत गाठता आले नाही. शासनावर टीका करणाऱ्यांना तेथे फारशी जागा नाही, असे मानवी हक्कांचे अभ्यासक सातत्याने सांगत आले आहेत. ज्या तारेने सेवा येते त्याच तारेने पाळतही ठेवता येते. जमिनीच्या नोंदणीत कायदेशीर विवाहित स्त्रीचे नाव लागले, परंतु केवळ रूढीने लग्न झालेल्या कित्येकींचे हक्क दुबळेच राहिले. आणि वंशाचा रकाना पुसल्याने आणखी एक अडचण उद्भवली. त्वा समाज अत्यल्पसंख्य आणि सर्वांत उपेक्षित. परंतु त्याचे नाव घेऊन मोजणी करायची नाही म्हटल्यावर त्याच्या वाट्याला शाळा किती आली, जमीन किती आली, हे दाखवायचे कसे? मोजल्याने माणूस मारला जाऊ शकतो. न मोजल्याने तो दिसेनासा होऊ शकतो.

हा पेच आपल्यालाही परका नाही. जनगणनेत जातींची गणना करण्याचा निर्णय केंद्र सरकारने 2025 मध्ये घेतला, तेव्हा अशाच दोन बाजूंनी वाद झाला. जातीचा रकाना भेद पक्का करील असे एक म्हणतात. त्याच्यावाचून न्याय मोजता येणार नाही असे दुसरे म्हणतात. आम्हां पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या मराठी कुटुंबांना तर हे अनुभवाने कळावे. मातृभाषेच्या रकान्यात ‘मराठी’ लिहिले म्हणूनच आपली शाळा, आपली पुस्तके मागण्यास आधार राहतो. त्याच रकान्यामुळे कोणी आपणांस ‘बाहेरचे’ ही म्हणू शकतो. तरी आपण तो रकाना रिकामा सोडीत नाही आणि सोडूही नये. कारण तो आपण स्वतः भरलेला आहे.

हाच भेद आम्हांस कळीचा वाटतो. बेल्जियन प्रशासनाने माणसावर शब्द लादला; तो खोडण्याचा वा बदलण्याचा मार्ग सामान्य माणसाला जवळजवळ नव्हता. म्हणून कोणत्याही तंत्रज्ञान-धोरणाला आम्ही प्रथम विचारू: या नोंदीत ज्याचे नाव आहे त्याला ती वाचता येते काय, आणि चुकली असेल तर दुरुस्त करविता येते काय? आणि त्याहून कठोर प्रश्न: उद्या सत्ता अत्यंत वाईट हाती गेली तर या दप्तराचे काय होईल? धोरण आखणारा स्वतःच्या सद्हेतूवर विसंबतो. परंतु दप्तर त्याच्यापेक्षा अधिक जगते.

शेवटी आमचा स्वतःचा कबुलीजबाब. एका तहसिलीत असताना खसऱ्याच्या संगणकीकरणाचे काम आमच्या देखरेखीखाली झाले. मुदत जवळ होती. गठ्ठ्याने आलेल्या याद्यांवर आम्ही सह्या केल्या. काही महिन्यांनी एक वृद्ध विधवा आली. पतीच्या पश्चात जुन्या कागदावर तिचे नाव चढले होते, नव्या नोंदीत फक्त दिरांची नावे उरली होती. आमचा कारकून तिला म्हणाला, ‘आजी, संगणकात तुमचे नाव नाही.’ जणू तिचे नाव पुसण्याचे काम यंत्राने आपणहून केले होते. दुरुस्ती होण्यास दीड वर्ष लागले, आणि तेवढ्या काळात तिची दोन पिके दुसऱ्यांनी नेली. यंत्राचा दोष नव्हता, कारकुनाचाही नव्हता. सही आमची होती. रवांडाच्या कहाणीपुढे ही गोष्ट अगदीच लहान आहे, हे आम्ही जाणतो. परंतु न वाचता केलेली सही आणि विचार न करता आखलेला रकाना यांचे कुळ एकच, असे आता वाटते. आणि ‘साधन निर्दोष असते’ हे वाक्य उच्चारताना जीभ अडखळते.