कर्ण्यावरचं नाव

तुमच्या घरात जुना सॅक्सोफोन असण्याची शक्यता कमीच. पण अमेरिकेत राहत असाल तर ओळखीतल्या कुणाच्या तरी तळघरात एखादा धूळ खात पडलेला असू शकतो. मी इंडियानात राहते आणि गावच्या हौशी बँडमध्ये वाजवते. (पोस्टडॉकच्या पगारात परवडणारं हे एकच व्यसन.) मागच्या हिवाळ्यात बँडमधल्या एका आजींनी असाच एक आल्टो सॅक्सोफोन माझ्या हातात ठेवला. म्हणाल्या, "तू संशोधक आहेस ना? मग हा कधीचा, तेवढं शोधून दे."

कुणी बनवला, हा प्रश्न त्यांना नव्हताच. पुढच्या कर्ण्यावर वेलबुट्टीच्या मधोमध ओहायोतल्या एका वाद्यांच्या दुकानाचं नाव कोरलेलं होतं, आणि ते दुकान त्यांच्या आजोबांचं. आजोबा सॅक्सोफोन बनवायचे, असं घरात सगळे सांगत आलेले. आता हे वाद्य नातवाला देताना सोबत ती हकीकत लिहून द्यायची होती. फक्त साल हवं होतं.

मला मात्र पाहताक्षणी शंका आली. 1920च्या दशकात अमेरिकेला सॅक्सोफोनचं वेड लागलं होतं, आणि त्यातले कितीतरी आमच्या इथल्या एल्खार्ट गावातून बाहेर पडत. कॉन, ब्युशर, मार्टिन हे तिन्ही कारखाने तिथलेच. गस ब्युशर तर आधी कॉनकडेच कामाला होता. गावोगावचे दुकानदार या कारखान्यांकडून वाद्यं मागवत आणि कर्ण्यावर स्वतःचं नाव कोरून घेत. अशा वाद्याला इथे 'स्टेन्सिल' म्हणतात. ते कारखान्याच्या स्वतःच्या नावाच्या वाद्यापेक्षा सहसा स्वस्त असे. यात लपवाछपवी नव्हती, धंद्यातल्या सगळ्यांना हे ठाऊक होतं. घरच्यांना मात्र पुढे दोन पिढ्यांनी ठाऊक राहिलं नाही.

मग ओळखायचं कसं? अनुक्रमांकावर भिस्त ठेवू नका, स्टेन्सिलचे आकडे कारखान्याच्या यादीशी जुळतीलच असं नाही. पेटंटचा नंबर तर हमखास चकवतो. त्या काळच्या अनेक सॅक्सोफोनवर 8 डिसेंबर 1914 या तारखेचं एक पेटंट ठोकलेलं दिसतं. ते आहे स्वरछिद्रं ओढून काढण्याच्या पद्धतीचं, आणि त्यामागे आहे हेन्स हे बासरी बनवणारं घराणं. म्हणजे सॅक्सोफोनवर नाव दुकानदाराचं, नंबर बासरीवाल्याचा, आणि बनवणारा तिसराच!

तेव्हा नक्षी सोडा आणि पॅडखालच्या छिद्रांच्या कडा बघा. नळीचाच पत्रा वर ओढून कडा केली असेल तर तिथे सांधा दिसत नाही. ती कडा बाहेर गोल वळवलेली असेल तर मनात कॉनचं नाव यावं. मार्टिनची रीत वेगळी: प्रत्येक छिद्राची कडी स्वतंत्र करून नळीवर सोल्डरनं बसवायची, आणि कडीची धार तिरकी तासलेली. आजींच्या सॅक्सोफोनच्या कडा तिरक्या होत्या. सांधेही होते. एका कडीच्या बुडाशी सोल्डर जरा जास्तच ओघळून थिजलेलं होतं.

म्हणजे मार्टिन. आता आजींना हे सांगायचं का?

दोन आठवडे मी टाळाटाळ केली. 'विसाचं दशक' एवढं कळवून मोकळी झाले असते तर ते खोटं ठरलं नसतं. नुकसान तरी कुणाचं होणार होतं? मार्टिन कंपनीनं आपलं नाव न घालण्याचे पैसे घेतले होते. आजोबांचं नाव फुकटचं होतं असंही नाही. वाद्य बिघडलं तर गिऱ्हाईक त्यांच्याच दारात उभं राहणार होतं. नाव म्हणजे श्रेयाइतकीच जबाबदारी, आणि ती त्यांनी घेतली होती. पण हा युक्तिवाद मला पुरेना. कंपनीनं विकलं ते कंपनीचं नाव. ज्यानं ती कडी बसवली त्याचं नाव विकायला कंपनीचं होतंच कुठे? घट आहे म्हणजे कुंभार असणारच, हा आपल्या न्यायशास्त्राचा आवडता दृष्टान्त. त्यात कुंभाराचं नाव काय, हे मात्र कुणी विचारत नाही. आपण इथे गणपतीला पेणची मूर्ती मागवतो, तेव्हा तरी कुठे विचारतो? गावाचं नाव पुरतं.

शेवटी सांगितलं. आजींना वाईट वाटलं, ते दिसलं. थोडा वेळ त्या कर्ण्यावरचं नाव बोटानं चाचपत राहिल्या. मग म्हणाल्या, "बरं, मार्टिन तर मार्टिन. पण मार्टिनकडे नेमकं कोणी?"

मी ती ओघळलेल्या सोल्डरची कडी दाखवली. यापलीकडे माझ्याकडे उत्तर नव्हतं. गंमत म्हणजे मार्टिन कंपनी आपल्या नावाच्या वाद्यांना 'हँडक्राफ्ट' म्हणून विकायची. हात कुणाचा, ते कर्ण्यावर कधीच नसायचं.

त्या रात्री मला झोप लागली नाही, त्याचं कारण सॅक्सोफोन नव्हता. पुण्यात पीएचडी करताना माझा व्हॅक्यूम चेंबर चार महिने गळत होता. वर्कशॉपमधल्या काकांनी तो एका दुपारी उघडला, ओ-रिंगची खाच नव्यानं तासली, बसण्याचा कोन बदलला, आणि गळती थांबली. माझ्या प्रबंधातलं एकूण एक मोजमाप त्या खाचेवर उभं आहे. पेपरात आभार मानले ते 'वर्कशॉपचे'. पेणची मूर्ती! तेव्हा कुणी मला अडवलं नव्हतं आणि मलाही वावगं वाटलं नव्हतं. आता त्याच रचनेवरचा पुढचा पेपर लिहून तयार आहे, आणि लेखकांच्या यादीत मी पाच नावं घातली आहेत.

शनिवारी काकांना फोन लावला. ते आता निवृत्त झालेत. म्हटलं, "काका, पेपरात तुमचं नाव घालायचंय." मला वाटलं होतं, खूश होतील.

"आधी आकृत्या पाठव," ते म्हणाले. "खाच बरोबर काढलीस का बघतो. चुकीचं असेल तर माझं नाव कशाला?"

पाठवल्या आहेत. तिसरी आकृती चुकलीय म्हणतात.