तलफेचे माप

सिगारेट सोडायची आहे. पहिली ई-सिगारेट कोणती घेऊ आणि त्यात निकोटिन किती ठेवू? लंडन किंवा लेस्टरमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाने हा प्रश्न विचारला तर त्याला तिथल्या सरकारी आरोग्यसेवेतला समुपदेशक सरळ उत्तर देतो. दिवसाला वीस ओढत असाल तर मिलिलिटरमागे १८-२० मिलिग्रॅमपासून सुरुवात करा, पाच-सातच ओढत असाल तर त्याच्या निम्म्यावर भागेल, आणि जम बसला की हळूहळू उतरत या. पनवेलमध्ये तोच प्रश्न विचारला, तर उत्तर म्हणून एखादे उपकरण पुढे करणारा दुकानदार गुन्हेगार ठरतो. केंद्र सरकारने १८ सप्टेंबर २०१९ रोजी ई-सिगारेटवर बंदीचा वटहुकूम जाहीर केला आणि डिसेंबरमध्ये संसदेने त्याचा कायदा केला. उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वाटप, जाहिरात, सगळे बंद. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडल्यास तीन वर्षे आणि पाच लाखांपर्यंत. माल साठवला तरी सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. स्वतः ओढण्यासाठी कायद्यात वेगळी शिक्षा लिहिलेली नाही, पण जी वस्तू आणता येत नाही, विकता येत नाही आणि साठवता येत नाही, ती वापरायला उरते कुठे?

ही बंदी योग्य होती की अयोग्य, यावर गेली काही वर्षे दोन्हीकडून हिरिरीने लिहिले गेले. टाटा मेमोरियलच्या डॉ. पंकज चतुर्वेदी यांच्यासारख्या कर्करोग शल्यचिकित्सकांनी बंदीचा आग्रह धरला. जबडा काढलेले रुग्ण रोज पाहणाऱ्या माणसाला तंबाखू कंपन्यांच्या नव्या वस्तूवर विश्वास ठेवायला सांगणे अवघडच. अमेरिकेत शाळकरी मुलांमध्ये ही उपकरणे वणव्यासारखी पसरली. २०१९ च्या उन्हाळ्यापासून तिथे फुप्फुसाच्या विचित्र आजाराने २,८०० हून अधिक लोक रुग्णालयात गेले आणि ६८ दगावले. पुढे निष्पन्न झाले की त्या आजाराचे मुख्य कारण गांजाच्या अर्काच्या काडतुसांत मिसळलेले व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेट होते, निकोटिनचा द्रव नव्हे. तोवर भारतातला निर्णय होऊन गेला होता. दुसऱ्या बाजूला, ज्या देशाने सिगारेट, विडी, तंबाखू यांची दुकाने उघडी ठेवली, ज्याच्या सार्वजनिक आयुर्विमा कंपनीचा देशातल्या सर्वांत मोठ्या सिगारेट कंपनीत मोठा भागभांडवली वाटा आहे, त्याने धूर नसलेला पर्याय तेवढा बंद करावा, यातली विसंगती नजरेआड करता येत नाही.

माझे मत सांगतो. आपल्यासारख्या देशात, जिथे शाळेच्या फाटकापासून शंभर यार्डांत तंबाखू विकू नये हा नियमसुद्धा पाळला जात नाही, तिथे फळांच्या चवीची उपकरणे खुली केली असती तर ती चाळिशीतल्या धूम्रपान करणाऱ्याआधी पंधरा वर्षांच्या मुलांच्या खिशात गेली असती. म्हणून बंदी मला समजते. पण त्या बंदीबरोबर एक उपयुक्त प्रश्नही आपण फेकून दिला, तो म्हणजे ‘किती?’ हा. परदेशातला माणूस पहिले उपकरण निवडताना आधी स्वतःच्या व्यसनाचे माप काढतो. आपल्याकडे ते माप काढायची पद्धतच नाही. ‘मनावर घेतले की सुटते’ एवढे एकच औषध घरचे, ऑफिसातले आणि पुष्कळदा डॉक्टरही लिहून देतात.

मनावर घेऊन सुटते, नाही असे नाही. पण बहुतेकांचे सुटत नाही, आणि त्याचे कारण चारित्र्यात नाही, शरीरात आहे. सिगारेटचा धूर फुप्फुसात गेला की दहा-वीस सेकंदांत निकोटिन मेंदूला पोहोचते. एका सिगारेटमधून साधारण एक ते दीड मिलिग्रॅम शरीरात उतरते. दोन तासांत त्याची पातळी निम्म्यावर येते, आणि माणूस कासावीस होऊ लागतो. चिडचिड, हात थरथरणे, कशात लक्ष न लागणे, ही सारी त्या घसरणीची लक्षणे. स्वीडिश मानसशास्त्रज्ञ कार्ल फॅगरस्ट्रॉम यांनी हे अवलंबित्व मोजायला काही साधे प्रश्न दिले. त्यातला सर्वांत बोलका प्रश्न दिवसाला किती ओढता हा नाहीच. सकाळी उठल्यावर पहिली किती वेळाने ओढता, हा आहे. पाच मिनिटांच्या आत असेल तर तीन गुण, अर्ध्या तासाच्या आत दोन, तासाच्या आत एक, तासानंतर शून्य. रात्रभर निकोटिन न मिळालेले शरीर किती धीर धरते, त्यावरून त्याची भूक कळते.

पनवेलकराला तर ही परीक्षा रोज आपोआप द्यावी लागते. हार्बरच्या लोकलने पनवेलहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला जायला साधारण एक तास वीस मिनिटे लागतात. गाडीत ओढता येत नाही. स्थानकाबाहेरच्या टपरीवर चहाबरोबर एक संपवून गाडी पकडणारा माणूस कुठल्या स्थानकापर्यंत निवांत असतो आणि कुठून त्याची चुळबुळ सुरू होते, हे त्याने आठवडाभर लक्षात ठेवले तर कुठल्याही तपासणीशिवाय त्याला आपले माप बरेचसे कळेल. नेरुळलाच जीव वर येत असेल तर भूक मोठी आहे. मस्जिदपर्यंत आठवणही होत नसेल तर सवय जास्त आणि निकोटिन कमी. दोघांना एकच उपाय सांगणे म्हणजे चष्म्याचा नंबर न काढता दोघांना एकच चष्मा देणे.

आणि माप कळल्यावर द्यायचे काय, याचे उत्तर आपल्याकडे कायद्याने खुले आहे. निकोटिनचा गम हा ई-सिगारेटपेक्षा कितीतरी जुना. स्वीडनच्या पाणबुड्यांमध्ये नौसैनिकांना ओढता येत नसे, तेव्हा ते तोंडात ठेवायच्या तंबाखूवर भागवत. हे लुंडच्या क्लास लुंडग्रेन यांच्या लक्षात आले आणि त्यांच्या सूचनेवरून हेलसिंगबोर्गच्या औषध कंपनीतल्या ओव्ह फेर्नो यांनी निकोटिनचा गम विकसित केला. १९७८ मध्ये स्वित्झर्लंडने त्याला प्रथम मान्यता दिली. बंद डब्यात तासन्‌तास अडकलेल्या माणसांना पाहून सुचलेली ही वस्तू लोकलच्या प्रवाशासाठीच केल्यासारखी आहे. त्यात दोन मापे येतात, २ आणि ४ मिलिग्रॅम. नियम सोपा: सकाळची पहिली सिगारेट उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत लागत असेल तर ४, नाहीतर २. आपल्याकडे २ मिलिग्रॅमचा गम मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळत आला आहे; ४ साठी डॉक्टरांची चिठ्ठी लागते. त्यामुळे ज्याची भूक सर्वांत मोठी, नेमका तोच हाताला लागलेला २ चा गम घेतो, दिवसात तीन-चार चघळतो, तलफ जात नाही, आणि चौथ्या दिवशी ‘याने काही होत नाही’ म्हणून पुन्हा टपरीवर जातो.

त्याने काही होत नाही याचे दुसरे कारण म्हणजे तो च्युइंगगमसारखा चघळला जातो. भराभर चावला की निकोटिन लाळेबरोबर पोटात जाते, तिथून ते फारसे उपयोगी पडत नाही, उलट उचक्या, घशात जळजळ आणि मळमळ होते. खरी रीत अशी: हळूहळू चावायचे, तिखट झिणझिण्या आल्या की थांबायचे, गम गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायचा, झिणझिण्या ओसरल्या की पुन्हा चार वेळा चावायचे. असे अर्धा तास. निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतून शोषले जाते, म्हणून आधीच्या पंधरा मिनिटांत चहा, कॉफी, सरबत नको. तोंड आंबट झाले की शोषण मंदावते. चहा आणि सिगारेटची जोडी ज्याच्या अंगवळणी पडली आहे, त्याला हे कोणी सांगितलेच नाही तर गम वाया जाणार हे ठरलेले. पहिले सहा आठवडे तास-दोन तासांनी एक, म्हणजे दिवसाला नऊ-दहा तरी, हे प्रमाण ऐकून लोक दचकतात. व्यसन सोडायला निघालोय की दुसरे लावून घ्यायला, असे विचारतात. पण कर्करोग होतो तो धुरातल्या डांबराने आणि त्यातल्या कर्करोगकारक रसायनांनी. निकोटिन माणसाला बांधून ठेवते, पण सिगारेटने होणाऱ्या मृत्यूंपैकी बहुतेकांचे मूळ त्यात नाही. हृदयविकार असलेल्यांनी आणि गर्भवतींनी डॉक्टरांना विचारूनच घ्यावे, एवढी काळजी पुरे.

ज्याची भूक मोठी आहे त्याला एकट्या गमवर ठेवूही नये. त्वचेला लावायचा पॅच दिवसभर संथपणे निकोटिन देतो आणि अचानक उसळणाऱ्या तलफेसाठी गम हाताशी ठेवायचा. हे दोन्ही मिळून एकट्यापेक्षा चांगले काम करतात. शिवाय व्हॅरेनिक्लिन आणि ब्युप्रोपिऑन ही औषधे आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने निकोटिनचे हे पर्याय २००९ मध्ये आणि ही दोन औषधे २०२१ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली. भारताच्या राष्ट्रीय यादीतही निकोटिन पर्यायांना २०२२ मध्ये जागा मिळाली.

मग ई-सिगारेटवाचून आपण काही गमावले का? प्रामाणिकपणे सांगायचे तर हो, काही गमावले. २०१९ मध्ये पीटर हाजेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडच्या सरकारी केंद्रांतल्या ८८६ जणांवर केलेली चाचणी प्रसिद्ध झाली. ई-सिगारेट घेतलेल्यांपैकी १८ टक्के लोक वर्षानंतरही सिगारेटपासून दूर होते. गम, पॅच वगैरे घेतलेल्यांपैकी ९.९ टक्के. जवळजवळ दुप्पट. पण त्याच चाचणीत हेही दिसले की यशस्वी झालेल्या ई-सिगारेटवाल्यांपैकी ८० टक्के लोक वर्षभराने ई-सिगारेट ओढतच होते, तर दुसऱ्या गटात आपले पर्याय वापरणारे ९ टक्केच उरले होते. दोन्ही गटांना आठवडोन्‌आठवडे समोरासमोर समुपदेशन मिळत होते, ही गोष्ट मला त्या आकड्यांइतकीच महत्त्वाची वाटते. आपण उपकरण नाकारले, ठीक. पण समुपदेशन नाकारायला तर कोणत्याच कायद्याने सांगितले नव्हते.

बंदी असूनही उपकरणे मिळतात, हे पनवेल-खारघरच्या कॉलेजातल्या कुणालाही विचारून पाहावे. सिगारेट सोडायच्या इराद्याने ती घेणाऱ्याने एवढे समजून घ्यावे: ब्रिटन आणि युरोपीय संघात निकोटिनची कमाल मर्यादा मिलिलिटरमागे २० मिलिग्रॅम आहे. चोरट्या वाटेने येणाऱ्या मालावर ‘५ टक्के’ छापलेले असते, म्हणजे ५० मिलिग्रॅम, त्या मर्यादेच्या अडीचपट. आणि तो आकडा तरी खरा आहे याची हमी देणारा कुणी नाही. त्यातले निकोटिन क्षाररूपात असते, घशाला टोचत नाही, त्यामुळे किती गेले ते कळतही नाही. दिवसाला चार सिगारेटी ओढणारा तरुण महिन्याभरात दिवसाला वीस सिगारेटींची भूक लावून घेऊ शकतो. ज्यात माप करता येत नाही ते सोडण्याचे साधन होऊ शकत नाही, म्हणून मी ते कुणालाही सुचवणार नाही.

या सगळ्या चर्चेत आपल्या रायगड जिल्ह्यातली बहुसंख्य माणसे मात्र नाहीतच. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के निघाले आणि धूररहित तंबाखू घेणारे २४.४ टक्के. रायगडात ते डोळ्यांना दिसते: कळंबोलीच्या लोखंड बाजारात तळहातावर चुना मळून बार भरणारा हमाल, द्रुतगती मार्गावर रात्रभर जागण्यासाठी तंबाखू दाढेखाली धरणारा ट्रकचालक, सकाळी मिश्री लावल्याशिवाय पोट साफ होत नाही असे मानणारी गावाकडची आजी. त्यांच्यासाठी ना लंडनचे उपकरण कामाचे, ना गमचा तेवढा पक्का पुरावा. चघळणाऱ्यांमध्ये व्हॅरेनिक्लिन आणि समुपदेशन यांचा आधार जास्त भक्कम आहे. पण प्रश्न त्यांनाही तोच विचारायचा: उठल्यावर पहिली चिमूट किती वेळाने? गुटख्यावर राज्याने २०१२ मध्ये बंदी घातली, सुट्या सिगारेटी-विड्यांवर २०२० मध्ये. दोन्ही टपरीवर मिळतात. तिसरी, चौथी बंदी घालण्याआधी हा प्रश्न विचारणारा एक माणूस नेमला असता तर अधिक साधले असते.

तशी सोय करायला पनवेलइतकी जवळची जागा नाही. टाटा मेमोरियलचे कर्करोग संशोधन केंद्र पनवेल महापालिकेच्याच हद्दीत, खारघरला आहे. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय मोफत दूरध्वनी सेवा, १८००-११-२३५६, दिल्लीत २०१६ मध्ये सुरू झाली, पुढे टाटा मेमोरियलनेही तिचा भार उचलला, आणि सप्टेंबर २०१८ पासून हा क्रमांक प्रत्येक पाकिटावर छापला जातो. मराठीतून बोलता येते, समुपदेशक सोडण्याचा दिवस ठरवून देतात आणि नंतर स्वतःहून फोन करून विचारपूसही करतात. महापालिकेने आपल्या प्रत्येक आरोग्य केंद्रात २ आणि ४ मिलिग्रॅमचा गम आणि पॅच मोफत ठेवावा, रक्तदाब मोजणाऱ्या परिचारिकेने त्याच कागदावर पहिल्या सिगारेटची किंवा पहिल्या चिमटीची वेळ लिहावी, आणि मेडिकलवाल्यांना गम चावायची रीत ग्राहकाला सांगायला शिकवावे. गमची एक गोळी दहा रुपयांच्या घरात जाते, दिवसाला दहा म्हणजे शंभर रुपये. विडीचे बंडल त्याच्या तुलनेत काहीच नाही. विडी ओढणाऱ्या हमालाने हे पैसे स्वतःच्या खिशातून घालावेत अशी अपेक्षा ठेवणारी व्यवस्था त्याला विडीकडेच ढकलते, आणि पुढे वीस वर्षांनी खारघरच्या बाह्यरुग्ण विभागात त्याच्या शस्त्रक्रियेचा खर्च तीच उचलते.